मरणाच्या आधीचे तेरा दिवस

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि चक्क भांडायला लिहितेय. तेव्हा चहाचा कप घेऊनच बसा, पोस्ट लांबणार आहे.

झालं असं. मी इथे न्यू जर्सीत गेली सहा वर्षं एका हॉस्पिससाठी स्वयंसेवक म्हणून जाते, हे बहुतेकांना माहीत आहे. गेल्या वर्षी मी 'एंड ऑफ लाइफ डूला'चं प्रशिक्षणही घेतलं. ते काही मी दवंडी पिटून सांगितलं नव्हतं, पण घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी फोडलंच. मग काय विचारता! दादाचा पहिला मेसेज, "म्हणजे आता मरतानाही भाड्याचा माणूस?" त्याखाली हसून लोळणारे सात पिवळे चेहरे. वहिनीनं लिहिलं, "आपल्याकडे असलं काही लागत नाही गं, आपल्याकडे माणसं असतात." आणि दादाची लेक, म्हणजे माझी डॉक्टर भाची, तिनं अगदी अदबीनं, "आत्या, राग मानू नकोस, पण वीकेंडचा कोर्स करून पेशंटजवळ बसणं मला डेंजरस वाटतं." ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर पाच मिनिटांत कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली गाडलं गेलं असतं. म्हणून इथे.

आधी डूला म्हणजे काय ते उरकते. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ दासी. (हो दादा, दासी. घे, आणखी एक विनोद कर.) डेना राफाएल नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात तो वापरला, बाळंतिणीला आधार देणाऱ्या बाईसाठी. सुईण नव्हे हं, सुईण बाळ बाहेर काढते. डूला आईजवळ बसते. पुढे न्यूयॉर्कमधल्या एका हॉस्पिसचा सोशल वर्कर हेन्री फर्स्को-वाइस याला वाटलं की येणाऱ्या जिवासाठी असं माणूस असतं, तर जाणाऱ्यासाठी का नको? २००३ मध्ये त्यानं स्वयंसेवकांना तयार करायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये २००९ पासून असं प्रशिक्षण आहे, व्हरमाँट विद्यापीठाच्या वैद्यकीय कॉलेजनं २०१७ मध्ये अभ्यासक्रम काढला. म्हणजे फॅड म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण वीस वर्षांहून जुनं फॅड आहे.

काम काय? औषध देत नाही, इंजेक्शन देत नाही, सल्लाही फारसा देत नाही. शेवटचे महिने असतील तेव्हा माणसाशी बोलते: तुम्हाला काय हवं, काय नको, कोणाशी बोलायचं राहिलंय. त्याचं एक कागदावर टिपण करते. शेवटचे दिवस आले की घरच्यांबरोबर आळीपाळीनं उशाशी बसते, शरीरात काय चाललंय ते त्यांना सांगते. आणि माणूस गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत येऊन घरच्यांचं ऐकून घेते. एवढंच. हे एवढंच करायला वेगळं माणूस कशाला, हा दादाचा प्रश्न. बरोबर प्रश्न आहे. माझं उत्तर तेरा दिवसांपासून सुरू होतं.

आपल्याकडे माणूस गेल्यानंतरचे तेरा दिवस बघा. काय व्यवस्था आहे! मी लहान असताना साताऱ्याला आमच्या आळीत कोणाकडे असं झालं की पाच मिनिटांत चार जण दारात. बांबू कुठून आणायचे, तिरडी कशी बांधायची, मडकं कोणी धरायचं, गुरुजींना निरोप कोणी द्यायचा, बायकांना कोणी सांभाळायचं, सगळं ठरलेलं. पहिल्या दिवशी पिठलं-भात कोणाकडून येणार हेही न बोलता ठरलेलं. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत कोणी उन्हात उभं राहायचं, तेराव्याला गोडाचं काय करायचं. घरच्यांनी नुसतं बसून राहायचं. शोकाला इतकं बारीक वेळापत्रक आखून देणारा समाज, मी म्हणते, फार शहाणा समाज आहे. मी देवभोळी नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तरीही म्हणते.

आणि त्याच्या आधीचे तेरा दिवस? त्यांचं वेळापत्रक कुठाय?

वहिनी म्हणेल, असं कसं, गंगाजल होतं, तुळशीपत्र होतं, गीतेचा अध्याय वाचायचे, जमिनीवर घ्यायचे. होतं ना. आपल्या भाषेत तर मरणाची शब्दसंपत्ती केवढी आहे. 'पाय गार पडले', 'घरघर लागली', 'ऊर्ध्व लागला'. हे शब्द ज्यांनी केले त्यांनी दहा-वीस माणसं स्वतःच्या मांडीवर जाताना बघितली होती. आमची आजी खोलीच्या दारातून श्वास ऐकून सांगायची, "आज रात्र काढत नाहीत, मुलांना बोलवा." तिला कोणी सर्टिफिकेट दिलं नव्हतं. आजी डूलाच होती, तिला शब्द माहीत नव्हता एवढंच.

पण वहिनी, आजी १९८१ साली गेली. त्यानंतर आपल्या घरात किती माणसं घरी गेली? मी मोजली. नऊ माणसं गेली, त्यातलं एक घरी, ते पण झोपेत. बाकी सगळी हॉस्पिटलात, त्यातली पाच आयसीयूत. म्हणजे 'आपल्याकडे माणसं असतात' हे खरं, पण ती माणसं काचेच्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात बिलाची फाइल घेऊन असतात. 'ऊर्ध्व' हा शब्द आमच्या पिढीला माहीत आहे, तो श्वास आम्ही ऐकलेला नाही. माया आटलीय असं मी कुठे म्हणतेय? माहिती आटलीय. आणि माहिती नसली की मायाच माणसाला जास्त त्रास देते, हे मी सहा वर्षं डोळ्यांनी बघतेय.

भाऊकाकांचं लिहू का, असं मी दादाला फोनवर विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "लिही. पण माझी बाजूही लिही." तर लिहिते.

भाऊकाकांना फुफ्फुसांचा फायब्रोसिस होता. दोन वर्षं सगळ्यांना माहीत होतं की हे वाढतच जाणार. त्या दोन वर्षांत त्यांच्यासमोर फक्त 'हवापालट केला की बरं वाटेल' एवढंच बोललं जात होतं. २०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री श्वास लागला, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं, पहाटेपर्यंत व्हेंटिलेटर. पुढचे अकरा दिवस ते तिथेच होते. भेटायला सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, एका वेळी एक जण. नळीमुळे बोलता येत नव्हतं. सहाव्या दिवशी गुंगी जरा उतरली तेव्हा नर्सनं पॅड आणि पेन दिलं. त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'घर'.

तो कागद दादानं फोटो काढून ग्रुपवर टाकला होता, आठवतंय ना सगळ्यांना? त्यावर दोन दिवस चर्चा झाली. काहींना वाटलं फ्लॅटच्या कागदपत्रांचं म्हणताहेत, नॉमिनेशन राहिलंय. एक जण सोसायटीच्या ऑफिसातसुद्धा जाऊन आला. सहा अक्षरी, आठ अक्षरी शब्दकोडी सोडवणारं आपलं घराणं, दोन अक्षरांच्या शब्दापाशी अडलं. अकराव्या दिवशी पहाटे हॉस्पिटलातून फोन आला.

आता दादाची बाजू. तो म्हणतो, "रात्री अडीच वाजता अनोळखी डॉक्टर विचारतो, 'सगळं करायचं ना?' कोणता मुलगा नाही म्हणेल?" शंभर टक्के खरं. कोणीच नाही म्हणणार, मीही म्हटलं नसतं. तो प्रश्नच चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला, चुकीच्या शब्दांत विचारला जातो. भाऊकाकांना दोन वर्षांत कोणीतरी शांतपणे विचारायला हवं होतं, की श्वास फारच लागला तर कुठे असायला आवडेल? मशीन लावलेलं चालेल का, किती दिवस? घरी ऑक्सिजन आणि धाप कमी करायला मॉर्फिन, असाही एक रस्ता असतो, हे त्यांना सांगायला हवं होतं. मुलाला हे विचारता येत नाही. बायकोला तर नाहीच. घरातलं कोणीही तोंड उघडलं की ते 'अशुभ' होतं किंवा 'यांना आमची अडचण झाली' होतं. बाहेरच्या माणसाला मात्र विचारता येतं. दादा, तुझ्या 'भाड्याच्या माणसा'चा उपयोग नेमका इथे आहे. तो आपला नसतो, म्हणूनच विचारू शकतो.

आणि मुळात 'आपली माणसं' म्हणजे कोण, हेही एकदा ठरवूया. अरुणा शानभाग आठवतात? १९७३ मध्ये केईएममध्ये त्यांच्यावर तो भयंकर हल्ला झाला, २०१५ मध्ये त्या गेल्या. जवळजवळ बेचाळीस वर्षं त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं हे केईएमच्या नर्सनी केलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरीनं केलं. २०११ मध्ये त्यांना दयामरण द्यावं का हा खटला सुप्रीम कोर्टासमोर आला, तेव्हा अरुणाच्या वतीनं बोलायचा हक्क कोणाचा, हाही प्रश्न होता. कोर्टानं तो हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. रक्ताच्या नात्याला नाही, जे उशाशी होते त्यांना. निकालाच्या बाकीच्या भागावर वाद घालता येईल, पण हा भाग मला फार मोठा वाटतो. पगारी नर्स होत्या त्या. भाड्याच्याच.

आता इथली गोष्ट सांगते. तुम्हाला वाटेल अमेरिकेत सगळं चोख असणार. हॉस्पिसचा खर्च मेडिकेअर करतं, १९८२ च्या कायद्यापासून. आजार त्याच्या वाटेनं गेला तर सहा महिने किंवा त्याहून कमी, असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं की नर्स, औषधं, पलंग, ऑक्सिजन सगळं घरी येतं. फार चांगली सोय आहे, मी तिची कट्टर समर्थक आहे. पण नर्स येते आठवड्यातून काही वेळा, तासभर. उरलेले तास घरच्यांचे. आणि मरण काही नर्सच्या वेळा बघून येत नाही.

एका घरी मी रात्रीची बसले होते. (तपशील बदललेत, ओळख पटू नये म्हणून.) नव्वदीच्या आजी, इटालियन घर, एकुलती एक मुलगी साठीची. रात्री दीडच्या सुमाराला आजींना घरघर लागली. मुलगी दचकून उठली, "माझी आई बुडतेय, गुदमरतेय, अँब्युलन्स बोलवा." फोन तिच्या हातात होता. अँब्युलन्स आली असती तर पुढचं सगळं ठरलेलं होतं: नळ्या, छातीवर दाब, त्या कागदासारख्या बरगड्या. मी तिला सांगितलं ते एवढंच: घशात साठलेली थुंकी गिळायची शक्ती गेली की हा आवाज येतो. आपल्याला ऐकवत नाही, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघ, कपाळाला आठी आहे का? नव्हती. आम्ही दोघींनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं, आवाज निम्मा झाला. हॉस्पिसच्या नर्सला फोन केला, तिनं औषधाचं सांगितलं, मुलीनं ते दिलं. मग मी तिला म्हटलं, आता श्वास मध्ये मध्ये थांबेल, वीस सेकंद, तीस सेकंद, मग परत सुरू होईल, घाबरू नकोस. थांबला तेव्हा ती माझ्याकडे बघायची आणि आम्ही दोघी मनात आकडे मोजायचो. तिला तास-दीड तास झोप लागली. चारला मी तिला उठवलं, कारण पाय गुडघ्यापर्यंत गार आणि निळसर झाले होते. पावणेपाचला आजी गेल्या, मुलीचा हात हातात होता.

यात मी काय केलं? काहीच नाही. आमच्या आजीला जे माहीत होतं ते मला माहीत होतं, एवढंच. पण ते त्या खोलीत कोणालाच माहीत नसतं तर ती बाई आयुष्यभर अँब्युलन्सचा सायरन ऐकत राहिली असती.

जाता जाता एक व्यवहाराचं सांगते, कारण हे आपल्या घरांत हमखास होतं. गिळण्याची शक्ती गेलेल्या माणसाच्या तोंडात चमच्यानं गंगाजल घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तुळशीचं पान ओलं करून ओठांवर फिरवा, स्पंजच्या काडीनं जीभ ओली करा. धर्मही राहतो आणि ठसकाही लागत नाही. आणि खायचा आग्रह करू नका. अन्न बंद झालं म्हणून माणूस जात नाही, माणूस निघाला म्हणून अन्न बंद होतं. हे कळलेल्या मुलीची अपराधी भावना किती उतरते, ते मी बघितलंय. बोलत मात्र राहा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलंय की प्रतिसाद न देणाऱ्या काही हॉस्पिस रुग्णांचा मेंदूसुद्धा आवाजाला प्रतिसाद देत असतो. अर्थ कळतो की नाही कोण जाणे, पण कॉटशेजारी उभं राहून फ्लॅटच्या नॉमिनेशनची चर्चा तरी नको.

आता डॉक्टरबाई, तुमच्याकडे वळते. वीकेंड नव्हे, चाळीस तासांचा कोर्स होता. पण तुझा मुद्दा मान्य, चाळीस तास काही फार नाहीत. मला सांग, तुझ्या एमबीबीएसमध्ये मरणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं यावर किती तास होते? तूच मला सांगितलं होतंस, दोन लेक्चर, आणि त्यातल्या एकाला तू कॅन्टीनमध्ये होतीस :) मी डोसला हात लावत नाही, निदान करत नाही, शंका आली की नर्सला फोन करते. आणि हेही कबूल करते की दुखणं आटोक्यात नसेल तर डूला म्हणजे नुसता तमाशा. मॉर्फिन आधी, हात धरणं नंतर. भारतात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन इतकं अडकवून ठेवलं की कॅन्सरच्या पेशंटलाही मिळेना. २०१४ मध्ये कायदा बदलला, पण सगळीकडच्या केमिस्टच्या फळीवर ते आलं का, हे तू मला सांग. डॉक्टरांनी ते भांडण भांडावं. आम्ही शेजारी बसतो.

'सांगितलं की पेशंट खचतो' हे तुमचं लाडकं वाक्य आहे ना, त्यावरही एक सांगते. २०१० मध्ये बोस्टनमध्ये पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणं आणि पुढचं मोकळेपणी बोलणं. दुसऱ्या गटाला नैराश्य कमी आलं, शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, आणि ते जगले मात्र जास्त: ११.६ महिने, पहिला गट ८.९. डूलाचा नाही हा अभ्यास, उगाच श्रेय घेत नाही. पण बोलण्यानं माणूस मरतो, हे तरी आता बंद करा.

एवढं बोलले म्हणून डूला मंडळींची आरती ओवाळतेय असं समजू नका. इथे या प्रकाराचा बाजार झालाय आणि मला त्याची चीड येते. तासाला तीस डॉलरपासून शंभर डॉलरपर्यंत दर ऐकलेत, पॅकेजं आहेत, सुगंधी मेणबत्त्या आहेत, स्फटिक आहेत. मेडिकेअर याचे पैसे देत नाही, म्हणजे ज्याच्याकडे आहेत त्यालाच सोबत. कोणीही उठावं आणि पाटी लावावी, परवाना लागत नाही. एका बाईनं तर मला विचारलं, "तुमच्याकडे भारतीय पॅकेज आहे का, मंत्रांसकट?" काय बोलणार.

पण परवाना आणला की सुधारेल असंही नाही. कॅलिफोर्नियात नेवाडा काउंटीत 'फुल सर्कल ऑफ लिव्हिंग अँड डाइंग' नावाची छोटी संस्था आहे, हेच काम करणारी, आणि माणूस गेल्यावर घरच्यांना घरीच अंत्यसंस्काराची तयारी कशी करायची ते सांगणारी. २०१९ मध्ये सरकारी खात्यानं त्यांना बजावलं की हे थांबवा, नाहीतर अंत्यसंस्काराच्या धंद्याचा रीतसर परवाना घ्या. म्हणजे आईला शेवटची आंघोळ कशी घालायची हे शेजारणीनं सांगायचं तर तिनं आधी दुकान थाटायचं! त्या कोर्टात गेल्या आणि २०२३ मध्ये जिंकल्या. आमच्या साताऱ्याच्या आळीतल्या तिरडी बांधणाऱ्या काकांना कोणी परवाना मागितला असता तर त्यांनी बांबूच हाणला असता.

मग मला हवंय काय? डूलाचं दुकान पुण्यात उघडायला नकोय. मला आळीतलं माणूस परत हवंय, फक्त या वेळी दोन आठवडे आधी आलेलं. आणि हे स्वप्न नाही. केरळात हे चाललंय. कोझिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी छोटी संस्था काढली, २००१ पासून तिथे गावोगावचे शेजारी शिकून तयार होऊ लागले: रिक्षावाले, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी. ते घरी जातात, बसतात, जखम पुसतात, नर्सला बोलावतात. २००८ मध्ये केरळ सरकारनं त्याचं धोरणच केलं. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'च्या मृत्यूवरच्या आयोगानं जगाला जे उदाहरण दाखवलं ते न्यू जर्सीचं नाही, केरळचं. आपल्याकडेही बी आहे: वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. दादा, ते तुझ्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर आहे. कधी आत गेलायस?

गेला नाहीस, ठीक आहे. पण आता जावं लागेल, कारण ताईआत्या तुझ्याकडे आहे. शहाऐंशी वर्षांची, हृदय थकलेलं, डोकं मात्र आपल्या सगळ्यांपेक्षा तल्लख. मागच्या महिन्यात तिनं मला फोनवर सांगितलं, "मी 'मी गेल्यावर' असं म्हटलं की घरात सगळे एकदम पाणी पिऊन येतो म्हणतात." मी हसले, ती नाही हसली. तिला बोलायचंय, दादा. तिला भीती मरणाची नाही, तिला भीती त्या काचेची आहे. भाऊकाकांना बघायला ती एकदाच गेली होती.

आणि कायदाही आता अवघड राहिलेला नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं लिव्हिंग विल मान्य केलं तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोणी त्या वाटेला जाईना. २०२३ मध्ये ते बदललं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बस. मी स्वतः बोलू शकत नसेन तेव्हा मशीन किती, कुठपर्यंत, आणि माझ्या वतीनं कोणी बोलायचं, हे लिहायचं. पुढे वेळ आली की तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं ते तपासतात. म्हणजे दादा, रात्री अडीचला एकट्या मुलावर ते ओझं येत नाही.

इथले एक मराठी आजोबा, पक्के नास्तिक, निवृत्त इंजिनियर, त्यांच्या टिपणात त्यांनी मला लिहायला लावलं होतं: "खोलीत मंत्र नकोत. कुमार गंधर्व चालतील. रडणाऱ्यांनी दिवाणखान्यात जावं. भारताची मॅच असेल तर मी बेशुद्ध दिसत असलो तरी स्कोअर सांगावा." मुलाला विष्णुसहस्रनाम लावायचं होतं. आमची तासभर चर्चा झाली, शेवटी आजोबांनीच तडजोड केली: सहस्रनाम ते गेल्यावर, कितीही वेळा. मुलानं सगळं पाळलं. स्कोअरसुद्धा सांगितला, आपण हरत होतो तरी.

तर ठरलंय असं. येत्या शनिवारी भारतातल्या रात्री साडेआठला (माझ्याकडे सकाळ) मी व्हिडिओ कॉल लावते. साठीच्या वरच्या सगळ्यांनी यायचं, खालच्यांनी आलं तरी चालेल. डॉक्टरबाई, तू ये आणि मी चुकले तिथे सगळ्यांसमोर अडव. प्रत्येकानं तीन गोष्टींवर बोलायचं: कुठे, कोणाबरोबर, आणि काय अजिबात नको. 'अशुभ' हा शब्द वापरणाऱ्यानं पुढच्या गणपतीला सगळ्यांचे मोदक करायचे. ताईआत्याची यादी तयार आहे, दोन पानं झालीत म्हणे. वहिनी, तिचा वाचायचा चष्मा दुरुस्तीला दिला होता तो आणलास का तेवढं बघ.